करून पाहा! : स्वेटरचा वास जाईना

दोस्तांनो, या आठवड्यात नाशिकच्या द्वारकेहून एक पत्र आलंय. सातवीतली आपली एक मैत्रीण लिहिते, 'मामेबहिणीचा स्वेटर मला मिळाला. छान आहे, पण त्याला डांबरगोळ्यांचा वास येतो. आईने दोनदा धुतला, मी वरून अत्तरही लावलं. तरी वर्गात सगळे नाक दाबतात. म्हणून मी तो घालतच नाही.'

ऐन थंडीत नाशिकला बिनस्वेटरचं राहायचं? शेजारच्या निफाडचा पारा तर दर हिवाळ्यात बातम्यांत असतो! तेव्हा चला, आधी त्या स्वेटरचं बघू.

दोनदा धुऊनही वास का गेला नाही? डांबरगोळी बहुधा नॅप्थॅलीनची असते आणि नॅप्थॅलीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. मग साबण बिचारा काय करणार? पण ट्रंकेतली गोळी हळूहळू लहान होत जाते, हे तुम्ही पाहिलं असेल. ती वितळत नाही, तिची थेट वाफ होते. यालाच म्हणतात संप्लवन. ही वाफ लोकरीत जाऊन बसते. तिला बाहेर काढायला हवी हवा आणि ऊब. अत्तर लावलं, तर एकाचे दोन वास होतात, एवढंच!

म्हणून असं करा. स्वेटर उलटा करून गच्चीवर, वारा खेळेल अशा ठिकाणी खाटेवर पसरा. टांगू नका, ओघळून लांब होईल. आणि हो, द्वारकेला मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता मिळतात. तिथल्या मंडळींनी रस्त्याकडच्या गॅलरीत वाळत घालू नये. लोकर धुराचा वासही धरून ठेवते! संध्याकाळी दव पडायच्या आत स्वेटर घरात घ्या. चार-सहा दिवस असं केलंत, की वास बराच उतरेल.

मग रिठे. पाच-सहा रिठे बिया काढून रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, सकाळी कुस्करून गाळा. त्या पाण्यात स्वेटर दहा मिनिटं बुडवा, हलक्या हाताने दाबा. पिळायचा नाही! साध्या पाण्यातून काढून टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत पसरून वाळवा.

जुन्या सुती दप्तराला किंवा चादरीला कुबट वास येत असेल, तर गोष्ट वेगळी. तो उद्योग जिवाणूंचा. जपानी संशोधकांनी २०१२ साली त्यातला मुख्य चोर पकडला. नाव मोराक्सेला ऑस्लोएन्सिस! तो नुसत्या वाळवण्याला दाद देत नाही. म्हणून रंग पक्का असेल, तर अशा सुती कपड्याला आईबाबांच्या मदतीने कढत पाणी आणि साबण. मग पूर्ण वाळवा, ओलसर घडी घालू नका. घामट वासाला बादलीभर पाण्यात दोन-तीन चमचे खाण्याचा सोडा घालून कपडा अर्धा तास भिजवा. घामाच्या वासात आम्लं असतात, सोडा त्यांना गप्प करतो.

आता आईबाबांसाठी एक महत्त्वाची गोष्ट. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे तान्ह्या बाळाला तसेच घालू नका. काही बाळांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर कमी असतं. नॅप्थॅलीनमुळे त्यांच्या तांबड्या पेशी फुटून बाळ गंभीर आजारी पडू शकतं. बाळासाठी दुसरेच कपडे वापरलेले बरे. आणि गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नका.

शेवटी, नाक दाबणाऱ्या दोस्तांनो! तुमच्या घरातही दादाची पुस्तकं, ताईचा फ्रॉक कुणी ना कुणी वापरलाच असेल. वास त्या ट्रंकेतल्या गोळीचा होता, आपल्या मैत्रिणीचा नव्हे. तिला गच्चीची युक्ती सांगितली असतीत, तर ती इतके दिवस कुडकुडली नसती!

स्वेटर घालून शाळेत गेलीस, की आम्हाला जरूर कळव हं!