वस्तीवरचे आभाळ कोणाचे?

केंद्र सरकारच्या 'नक्शा' या शहरी भूमापन कार्यक्रमाचा प्रारंभ १८ फेब्रुवारी २०२५ रोजी मध्य प्रदेशातील रायसेन येथे झाला. पहिल्या १५२ शहरांच्या यादीत भुसावळ तालुक्यातील वरणगावही आहे. आकाशातून छायाचित्रे घ्यायची, त्यावरून घर, रस्ता, मोकळी जागा यांचा नकाशा करायचा आणि जमिनीवर पडताळून मिळकतीची नोंद पक्की करायची, असा हा कार्यक्रम. नोंदीला आमचा विरोध नाही. घराचा कागद नसला की काय भोगावे लागते, हे आमच्या वस्त्यांइतके कोणाला ठाऊक? आमचा प्रश्न वेगळा आहे. कोणाच्या घरावरून ड्रोन उडवायचा तर घरवाल्याला विचारावे लागते की नाही?

कायद्याला विचारावे तर तो गप्प. वाजवी उंचीवरून विमान गेले एवढ्यावरून कोणाला दावा लावता येणार नाही, असे १९३४ च्या विमान कायद्याने ठरवले. वाजवी म्हणजे किती फूट, ते लिहिले नाही. तेव्हा चालून गेले. विमान कोणाच्या न्हाणीत डोकावत नसे. या कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियमाने घेतली. त्याआधी २०२१ चे ड्रोन नियम आले होते. त्यांनी आभाळाचे हिरवे, पिवळे, लाल असे झोन पाडले. हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांपर्यंत उडवायला परवानगी लागत नाही. खाली ज्याचे घर आहे त्याची संमती घ्या, असे हे नियम कुठेही सांगत नाहीत. २०१८ च्या नियमावलीत खासगीपणा जपण्याची जबाबदारी उडवणाऱ्यावर टाकली होती, नव्या नियमांतून तीही गळाली. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला खरा, पण डोक्यावर घोंघावणाऱ्या यंत्रापुढे तो बजावायचा कसा?

वरणगावात आयुध निर्माणी आहे. अशा ठिकाणांसाठी लाल झोन असतो, तिथे केंद्राच्या परवानगीशिवाय ड्रोन फिरकू शकत नाही. योग्यच आहे. पण दारूगोळ्यावरच्या आभाळाला जो पहारा, तो माणसाच्या घरावरच्या आभाळाला का नको? बंगलेवाल्याला गच्ची आहे, पडदे आहेत, वेळ पडली तर वकील आहे. जिची न्हाणी म्हणजे चार बाजूंनी तरट आणि वर उघडे आभाळ, त्या मायमाऊलीने कोणाकडे जायचे?

दुसरी भीती कागदाची. वरून छप्पर दिसते, हक्क दिसत नाही. पत्र्याचे घर कितव्या पिढीचे, ते चित्रात उमटत नाही. बाबासाहेबांनी महार वतनाचे विधेयक १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात मांडले, वतने कायद्याने गेली ती १९५८ मध्ये. पुढच्याच वर्षी दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीनांच्या सत्याग्रहात खानदेश उतरला तो पडीक आणि गायरान जमिनीसाठी. आणि २०२२ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर राज्यभर गायरानावरच्या घरांना नोटिसा निघाल्या! मग वस्तीचे वरून घेतलेले चित्र घर नावावर करायला वापरणार की पाडायला, हे शासनाने लेखी सांगितले पाहिजे.

ड्रोन कोणत्या दिवशी, किती वाजता येणार याची दवंडी वस्तीत अगोदर फिरली पाहिजे. कच्चा नकाशा कचेरीत ठेवून भागणार नाही; तो विहारात, समाजमंदिरात लागावा, आणि हरकत घेण्याचा अधिकार भाडेकरूला, कागद नसलेल्या रहिवाशालाही असावा. समाजबांधवांनी घरपट्टीच्या पावत्या, वीजबिले, जुन्या मतदार यादीचे उतारे आताच काढून एका पिशवीत ठेवावेत. पडताळणीला माणूस येईल त्या दिवशी घराला कुलूप नको. नोंद होताना घरातल्या बाईचे नाव लावायला सांगा, आणि काय लिहिले ते वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.