पहारेकऱ्यावरही पहारा हवा

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये लंपास झाले. बनावट स्विच परस्पर मंजुरी देत राहिला आणि २८ देशांतील एटीएममधून पैसे निघत राहिले. पुढे एप्रिल २०२२ च्या आदेशाने ‘सर्ट-इन’ने सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळविणे बंधनकारक केले. मात्र घुसखोरी टिपणारा संवेदकच बंद असेल, वा वाढत्या वाहतुकीत डेटाची पाकिटे त्याच्या नजरेतून निसटत असतील, तर बाहेरून कोणी सावध करीपर्यंत ते ६ तास सुरूच होत नाहीत. संवेदकाचे मौन म्हणजे सुरक्षितता नव्हे. म्हणून निरुपद्रवी चाचणी-हल्ला ठराविक काळाने सोडून इशारा उमटतो की नाही हे पाहणे आणि ती नोंद लेखापरीक्षकापुढे ठेवणे सक्तीचे व्हावे. सहकारी बँकेत या मौनाची झळ अखेर सभासदांनाच बसते.