औषध शोधणे आणि औषध राखणे

पैठणच्या नाथसागराचे पाणी केवळ मराठवाड्याच्या शेतीसाठी आहे, असे नव्हे. १९७६ साली पूर्ण झालेल्या या धरणातूनच पन्नासएक किलोमीटरवरील औरंगाबादची, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरची, तहान भागते आणि तेथील औद्योगिक वसाहतींनाही तेच पाणी जाते. चिकलठाण्याच्या अशाच एका वसाहतीत वोक्हार्ट कंपनीचे संशोधन केंद्र आहे. तेथे गेली अनेक वर्षे चाललेल्या कामाकडे मराठवाड्याने जेवढे लक्ष द्यावयास हवे होते, तेवढे दिलेले नाही.

हे काम जिवाणूंच्या विकरांशी, म्हणजेच एन्झाइमांशी, संबंधित आहे. जिवाणू आपल्या पेशीभोवतीची भिंत काही विकरांच्या साहाय्याने बांधतो. पेनिसिलिन त्या विकरांना जखडून टाकते व भिंत खचते. परंतु जिवाणूपाशी दुसरे एक विकर असते. ते पेनिसिलिनचाच रेणू फोडते. अब्राहम आणि चेन यांनी ऑक्सफर्डमध्ये या विकराची नोंद १९४० साली केली, तेव्हा पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचलेही नव्हते! पुढे प्रत्येक नव्या औषधामागोमाग त्याला फोडणारे नवे विकर आले. २००८ मध्ये, दिल्लीत उपचार घेऊन स्वीडनला परतलेल्या एका रुग्णाच्या जिवाणूत असे विकर आढळले की, शेवटचा उपाय म्हणून राखून ठेवलेली कार्बापेनेम औषधेही त्याच्यापुढे निष्प्रभ ठरली. त्याला नवी दिल्लीचे नाव दिले गेले आणि आपल्याकडे रोगापेक्षा नावाचीच चर्चा अधिक झाली.

या विकराच्या गाभ्यात जस्ताचे दोन अणू असतात. त्याला निकामी करणारा रेणू शोधणे हा सरळ मार्ग. पण तो फार अवघड आहे. चिकलठाण्याच्या संशोधकांनी वेगळा विचार केला. त्यांचा झिडेबॅक्टम हा रेणू या विकराच्या वाटेला जातच नाही. भिंत बांधणाऱ्या विकरांपैकी एकाला तो पकडतो, सेफेपाइम हे जुने औषध दुसऱ्याला पकडते आणि दोन ठिकाणी एकाच वेळी घाव बसल्याने जिवाणूचा बचाव अपुरा पडतो. याच कंपनीचे न्यूमोनियावरील नॅफिथ्रोमायसिन २०२४ मध्ये जाहीर झाले. त्यामागे चौदा वर्षांचे संशोधन व सुमारे ५०० कोटी रुपयांचा खर्च आहे, असे तेव्हा सांगण्यात आले. त्यात सरकारी मदत ८ कोटींची होती. प्रतिजैविके चार-आठ दिवस घ्यावयाची असतात, जन्मभर नव्हे. त्यांत नफा बेताचा, म्हणून जगातील मोठमोठ्या कंपन्यांनी या क्षेत्रातून अंग काढून घेतले आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या चिकाटीचे मोल कळते.

आणि एवढ्या कष्टाने मिळविलेले औषध आपण कसे वापरतो? ताप आला की दुकानातून दोन गोळ्या घ्यावयाच्या व बरे वाटताच उरलेल्या फडताळात ठेवावयाच्या, ही रीत पैठणपासून मुंबईपर्यंत सर्वत्र आहे. अर्धवट मात्रेने दुबळे जिवाणू मरतात, विकरधारी तेवढे उरतात. २०१९ या एका वर्षात औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंनी जगात सुमारे १२.७ लाख बळी घेतले, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. कायदा नाही, असेही नाही. २०१४ पासून लागू झालेल्या एच-१ अनुसूचीनुसार त्यातील प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. विक्रीची नोंद तीन वर्षे जपावी लागते.

मात्र केवळ दुकानदारावर बडगा उगारून भागणार नाही. रोजंदारी बुडवून डॉक्टरकडे जाणे ज्याला परवडत नाही, तो गोळी मागणारच. आणि जिवाणू कोणता हे डॉक्टरलाच ठाऊक नसेल, तर तोही अंदाजाने सर्वांत जालीम औषध लिहिणार. जिवाणूपरीक्षेला दोन-तीन दिवस लागतात, हे खरे. म्हणूनच पैठणच्या रुग्णाचा नमुना त्याच दिवशी घाटी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत पोहोचावा आणि उत्तर दूरध्वनीने परत यावे, एवढी सोय शासनाने प्रत्येक तालुक्यासाठी करावी. त्यासाठी नवी इमारत नको, परदेशी तज्ज्ञ नकोत. रोज ठरलेल्या वेळी निघणारी एक गाडी आणि ती चुकणार नाही हे पाहणारा एक अधिकारी पुरे.