सोरायसिसचा संधिवात : स्त्रियांच्या वेदनेकडे दुर्लक्ष

नांदेड/लातूर, विशेष प्रतिनिधी : चट्टे त्वचारोग विभागात दाखवायचे आणि गुडघे अस्थिरोग विभागात, ही मराठवाड्यातील सर्वसाधारण रीत. दोन्ही तक्रारींचे मूळ एकच असू शकते, हे त्यात निसटते.

सोरायसिसच्या १०० पैकी २० ते ३० रुग्णांना पुढे संधिवात गाठतो. स्त्री-पुरुषांतील प्रमाण जवळपास सारखेच. रूप मात्र निराळे. पुरुषांत मणक्यांवर आघात अधिक आणि एक्स-रेमध्ये सांध्यांची हानी ठळक. स्त्रियांत हातापायांचे अनेक सांधे सुजतात, वेदना व थकवा जास्त. साहजिकच एक्स-रे ‘नॉर्मल’ आला की बाईचे दुखणे घरकामाच्या नाही तर वयाच्या खात्यावर जमा होते. त्यात ‘आरए फॅक्टर’ बहुधा निगेटिव्ह येतो. त्यापेक्षा नखांवरील बारीक खड्डे आणि सकाळी ताठरणारी बोटे अधिक बोलकी.

टीएनएफरोधक जैविक औषधांचा गुणही स्त्रियांना तुलनेने कमी येतो. मेथोट्रेक्झेट स्वस्त, पण गर्भारपणात वर्ज्य.

नांदेडला १९८८ पासून, लातूरला २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. चट्टे दाखवायला आलेल्या स्त्रीला ‘सांधे दुखतात का’ एवढे विचारण्यास नवी यंत्रणा लागत नाही.