गांवाचें सामाईक रान

एकत्र कुटुंबांत वाढलेल्या वाचकांस ‘सामाईक’ या शब्दांतील आधार आणि डोकेदुखी दोन्ही ठाऊक असतात. आमच्या जुन्या वाड्यांत चार बिऱ्हाडांची मिळून एक विहीर होती. पाणी सर्वांचें, परंतु गाळ काढण्याची वेळ आली म्हणजे ती कोणाचीच नसे! पुढें वांटण्या झाल्या, ज्यानें त्यानें आपापली भिंत घातली. वांटणीपत्रांत विहिरीचा उल्लेख करावयाचा मात्र राहून गेला. अशा अनुभवांवरून, जें सर्वांचें तें कोणाचेंच नव्हे, असें अनुमान काढण्याची आपणांस घाई होते. गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा या गोंड वस्तीच्या गांवाची हकीकत वाचून आम्हांस तें अनुमान पुन्हा तपासावेंसें वाटलें.

हें गांव मेंढा-लेखा या जोडनांवानें प्रसिद्ध आहे. त्याच्या भोंवतीं सुमारें १८०० हेक्टर रान आहे. बांबू, मोहाचीं फुलें, तेंदूपानें, मध, जळण यांवर गांवाच्या पिढ्या जगल्या. रानांतून गरजेपुरतें घेण्याच्या या वहिवाटीस तिकडे ‘निस्तार’ म्हणतात. १९५१ सालीं जमीनदारी व मालगुजारी गेली आणि रानें सरकारच्या ताब्यांत आलीं. निस्तार दप्तरांत राहिला खरा, परंतु सवलत म्हणून. आणि सवलत काय किंवा हक्क काय, दोन्ही एकच, असें ज्यास वाटतें त्यानें कधीं कोणाच्या आश्रयास राहून पाहावें.

२००६ चा वनहक्क कायदा या ठिकाणीं महत्त्वाचा ठरतो. त्याच्या नांवांतच ‘मान्यता’ हा शब्द आहे. सरकार नवें कांहीं देत नाहीं. जें पूर्वींपासून होतें तें मान्य करतें. वहितीखालील तुकडा एकेका कुटुंबाच्या नांवें लावण्याची सोय त्यांत आहेच; पण गौण वनोपजाचें स्वामित्व आणि सामूहिक रान राखण्याचा, वाढविण्याचा व त्याची व्यवस्था पाहण्याचा अधिकारही त्यांत मानला आहे. भूमि सरकारचीच राहते, हें मात्र विसरूं नये. मेंढ्यास अशा सामूहिक हक्काची सनद २००९ सालीं मिळाली.

येथून खरी कसोटी लागली. बांबू तोडला तरी वाहतुकीच्या पासाशिवाय तो रानाबाहेर नेतां येत नाहीं आणि पास वनखात्याच्या हातीं! १९२७ च्या वन-कायद्यांत बांबूची गणना वृक्षांत केलेली. तेव्हां तो गौण उपज कसा, असा खात्याचा आक्षेप. नव्या कायद्यानें बांबू गौण वनोपजांत नांव घेऊन घातला होता, तरीही सनद हातीं असलेल्या गांवाचा माल अडून राहिला. अखेर २७ एप्रिल १९११ नव्हे, तर २०११ रोजीं (शतकाची चूक व्हावी असाच हा वाद आहे!) केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितींत पासांचें पुस्तक ग्रामसभेच्या हवालीं झालें. २०१२ मध्यें नियमांतच दुरुस्ती होऊन हा अधिकार सर्व ग्रामसभांकडे आला.

आमच्या वाड्यास जें साधलें नाहीं तें या गांवास कसें साधलें? देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या प्रयत्नांनीं तेथें निर्णय बहुमतानें न घेतां सर्वसंमतीनें घेण्याची शिस्त पडली होती. एकाचा जरी विरोध असला तरी पुन्हा बसावयाचें. प्रश्न समजून घेण्यासाठीं अभ्यासगट असत. सनद येण्यापूर्वींच सामाईक कारभाराची संवय लागलेली होती. जेथें अशी संवय नाहीं तेथें सनद पेटींत पडून राहील, अशी आम्हांस भीति वाटते.

कुळकायद्यांत जमिनी गेलेल्या घराण्यांतील कोणी वाचक येथें थोडा रुष्ट होईल. आमचें तें गेलें, त्यांचें कायद्यानें राखलें! आमच्याही घरचें कांहीं गेलें आहे, म्हणून स्पष्टच लिहितों. तेथें कसणाराची वहिवाट कायद्यानें मानली. येथें राखणाराची मानली. आपलें जातें तेव्हां हें तत्त्व कडू लागतें, इतकेंच.

मेंढ्याचे लोक याच्याही पुढें गेले. महाराष्ट्रांत १९६४ चा ग्रामदान कायदा आहे. त्यास अनुसरून २०१३ सालीं त्यांनीं आपल्या खाजगी शेतजमिनीही ग्रामसभेच्या स्वाधीन केल्या. जमीन कसण्याचा हक्क त्या त्या घराकडेच राहतो आणि बापामागून तो मुलांकडे जातो; परंतु गांवाबाहेरील माणसास ती विकण्याची वाट बंद होते.