मांजरेचा हिशेब आणि मांजरेचा अदमास

पावसाळ्याच्या उत्तरार्धात मुरुडच्या पेठेत कोणत्याही दुकानी बसा, एकच प्रश्न कानी पडतो: धनेगावी किती झाले? उत्तर शेकड्यांत मिळते, आणि ते ऐकून कोणी उसाचे बेणे सांगून ठेवतो, तर कोणी उधारीचा हात आखडता घेतो. ज्या एका आकड्यावर इतके व्यवहार चालतात, तो काय सांगतो व काय सांगत नाही, हे आमच्या वाचकांनी एकदा नीट पाहावे अशी आमची इच्छा आहे.

केज तालुक्यातील धनेगावच्या मांजरा धरणाचा पूर्ण साठा सुमारे २२४ दशलक्ष घनमीटर, म्हणजे सरकारी भाषेत दलघमी. पैकी सुमारे ४७ दलघमी हा मृतसाठा होय, आणि उरलेला १७७ उपयुक्त. शेकडा काढला जातो तो या उपयुक्त साठ्यावर. त्यामुळे 'शून्य टक्के' म्हणजे कोरडे तळे नव्हे. शिवाय धरणातील पाणी कोणी मापाने मोजीत नाही. पट्टीवरील पातळी वाचावयाची आणि तक्त्यावरून तिचा साठा काढावयाचा, अशी रीत आहे. तळाशी गाळ साचत गेला, की पातळी खरी असूनही जुना तक्ता खोटे बोलू लागतो. म्हणून वेळोवेळी गाळाची पाहणी करून तक्ता नवा करणे हे मोजणीइतकेच महत्त्वाचे आहे.

परंतु आमचे खरे म्हणणे याहून निराळे आहे. आज किती पाणी आहे, हे आम्हांस कळते. मे महिन्यात किती राहील, हे सांगणारा आकडा सामान्य माणसाच्या हाती पडत नाही. हिशेब आहे, अदमास नाही. कोणता व्यापारी केवळ आजची शिल्लक पाहून वर्षाचा सौदा करील?

याचे मोल लातूरने २०१६ साली मोजले. त्या वर्षाच्या आरंभी मांजरेचा मृतसाठाही आटला, मार्चमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती जमावबंदी लावावी लागली, आणि १२ एप्रिल रोजी मिरजेहून पाण्याची पहिली आगगाडी लातुरास आली. तिच्या १० वाघिणींत ५ लाख लिटर पाणी होते. पुढे ५० वाघिणींची गाडी एका खेपेस २५ लाख लिटर आणू लागली. ही मदत मोठी होती व तिचे उपकार आम्ही विसरलो नाही. तथापि एक साधे गणित करावे. एक दलघमी म्हणजे १०० कोटी लिटर. तेवढे पाणी आणावयास २५ लाख लिटरच्या ४०० गाड्या लागतात! मांजरेच्या उपयुक्त साठ्याचा शेकडा एक भागसुद्धा याहून अधिक भरतो. आटू लागलेल्या धरणातून एक दलघमी वेळीच राखून ठेवणे आणि नंतर ते रुळांवरून आणणे, यांतील अंतर एवढे आहे.

यावर कोणी म्हणेल, पावसाचे भाकीत कोणी करावे? हा आक्षेप ऐकावयास बरा, पण येथे लागू पडत नाही. आमच्या भागात ऑक्टोबरनंतर धरणात येणारे पाणी जवळजवळ थांबते. तेथून जूनपर्यंतचा अदमास हे ज्योतिष नसून वजाबाकी आहे: शिलकेतून पिण्याचे पाणी, कालव्याची आवर्तने आणि उन्हाने उडून जाणारी वाफ. अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील पंचमहासरोवरांचे काम याहून कितीतरी कठीण आहे. तेथे बाराही महिने पाऊस वा बर्फ पडते. तरी दोन्ही देश मिळून पुढील ६ महिन्यांच्या पातळीचा अंदाज दरमहा प्रसिद्ध करतात. त्यांच्या जुळवून घेतलेल्या नोंदी १९१८ पासूनच्या आहेत. विशेष हे, की ते एकच आकडा देत नाहीत, तर कमीत कमी व जास्तीत जास्त अशा दोन मर्यादा देतात. चूक होऊ शकते हे कबूल करणारा अंदाजच विश्वासास पात्र असतो.

आमच्या राज्यातही १५ ऑक्टोबर या तारखेचे महत्त्व मान्य झालेले आहे. त्या दिवशी जायकवाडीत उपयुक्त साठ्याचा शेकडा ६५ भाग आहे की नाही, यावर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न ठरावा, असा आदेश २०१४ साली जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने दिला होता. कालवा सल्लागार समित्याही त्याच सुमाराच्या साठ्यावर रब्बी व उन्हाळी आवर्तने ठरवितात. मग त्याच बैठकीतून महिनावार उतरता तक्ता बाहेर पडावयास हरकत कोणती?

हरकत उसाची आहे, हे स्पष्ट बोललेले बरे. धरण भरले की लागवड वाढते. परंतु हे पीक बारा ते अठरा महिने शेतात उभे राहते, आणि त्याची तहान पुढच्या उन्हाळ्यापाशी थांबेलच असे नाही. मेचा आकडा ऑक्टोबरात छापला गेला तर पुष्कळांस बेणे परत फिरवावे लागेल, म्हणून तो कोणास नको असतो. यात आम्हां पेठेतल्या लोकांचा दोष नाही असे नाही. भरल्या धरणाकडे पाहून उधार देणारे आम्हीच, आणि आटल्या धरणाकडे पाहून वसुलीस निघणारेही आम्हीच.

पुराचा अदमास ही बाब वेगळी. तो दिवसांचा नव्हे, तासांचा प्रश्न आहे. २८ सप्टेंबर २०२१ रोजी धरणाचे १८ दरवाजे उघडले, आणि सप्टेंबर २०२५ मध्येही मांजराकाठाने पाणी शिवारात शिरलेले पाहिले. तेथे पाटोद्याकडील बालाघाटच्या डोंगरात पडलेल्या पावसाची वर्दी खालच्या गावांस वेळेवर मिळणे हाच उपाय आहे. त्याविषयी पुन्हा केव्हातरी लिहू.

तूर्त आमची मागणी लहान आहे. १५ ऑक्टोबरचा साठा, त्यातून पिण्यासाठी राखलेला भाग, ठरलेली आवर्तने, आणि मेअखेर उरणारी किमान व कमाल शिल्लक, एवढे आकडे मराठीत लिहून मुरुडच्या ग्रामपंचायतीसमोर व बाजार समितीच्या दारी फळ्यावर लावावेत आणि दर महिन्यास दुरुस्त करावेत. पाटबंधारे खात्याने तक्ता पाठविल्यास प्रत्येक महिन्याच्या पहिल्या अंकात आम्ही तो विनामूल्य छापू. आणि अंदाज चुकला तर मूळ आकडा व खरा आकडा शेजारी शेजारी देऊ.