हलक्या फ्लायव्हीलचा मोह

इंदूरहून एका गृहस्थांनी विचारले आहे की, त्यांचे चिरंजीव घरच्या टर्बो पेट्रोल गाडीला हलके फ्लायव्हील बसवू म्हणतात. संमती द्यावी की न द्यावी? गाडी घरातील सर्वांच्या उपयोगाची आहे. असा प्रश्न इतर घरीही निघण्यासारखा असल्यामुळे उत्तर येथेच देतो.

वाचकहो, आपण जाते पाहिले असेल. दळणारीचा हात खुंट्यावर सारखा जोर लावीत नाही, तरीही वरचा दगड एकसारखा फिरत राहतो. कारण मिळालेली गती त्याच्या वजनात साठलेली असते. चार सिलिंडरच्या एंजिनात क्रँकशाफ्टला दर अर्ध्या फेऱ्यास एक धक्का मिळतो. दोन धक्क्यांमधील उणीव फ्लायव्हील भरून काढते.

मग ते हलके का करावे? एंजिनाला वेग घेताना हे चक्रही फिरवावे लागते म्हणून. काठावरचे वजन सर्वांत जड पडते. अंतर दुप्पट झाले की विरोध चौपट होतो. तेव्हा वजन किती काढले याहून ते कोठून काढले हे आधी विचारावे. समजा, चक्राचे जडत्व ०.०५ किलोग्रॅम-मीटर वर्ग इतके घटले आणि गाडीच्या चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर आहे. पहिल्या गिअरमध्ये चाकाच्या एका फेऱ्यास एंजिनाचे १४ फेरे होत असतील, तर गाडी सुमारे ११० किलोंनी हलकी झाल्यासारखी उसळते. वरच्या गिअरमध्ये हे प्रमाण साडेतीनावर आले की लाभ जेमतेम सात किलोंचा! एंजिनाची शक्ती मात्र तसूभरही वाढत नाही.

टर्बोचार्जरची गोष्ट आणखी निराळी. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली ज्या कल्पनेचे पेटंट मागितले, तीत बाहेर जाणारा धूरच हवा दाबणारे पाते फिरवितो. फेरे कमी असता धूर थोडा, म्हणून पाते सुस्त. नेमक्या त्या वेळी, चढावर पाच माणसांनिशी गाडी हलविताना, जड चक्राची शिदोरी कामी येते. हलक्या चक्रावर क्लच जरा घाईने सोडला की एंजिन बंद पडते. गिअर बदलतानाही फेरे झरकन उतरतात. चपळ हाताला ते सुखाचे, सावकाश हाताला धक्क्याचे.

पुष्कळ नव्या गाड्यांत दोन भागांचे, मध्ये स्प्रिंगा असलेले फ्लायव्हील असते. त्याजागी एकसंध हलके चक्र घातले, तर गाडी उभी असता गिअरबॉक्स खडखडू लागतो.

एक गोष्ट मात्र कदापि करू नये. मूळचे बिडाचे चक्र लेथवर कातून पातळ करवून घेऊ नये. मिनिटास ६००० फेरे असता केंद्रापासून १४ सेंटिमीटरवरील काठ ताशी तीनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने धावतो, आणि बीड ताण सोसण्यात दुबळे. ते फुटले तर तुकडे आवरणाला जुमानीत नाहीत.

तेव्हा आमचे मत असे: तूर्त हात लावू नये. क्लच बदलण्याची वेळ येईल तेव्हा गिअरबॉक्स उतरवावाच लागेल. त्या वेळी त्याच एंजिनासाठी घडविलेले, तोललेले पोलादी चक्र घ्यावे, तेही मूळच्याहून पाव हिश्शानेच हलके. आणि जुने काढण्यापूर्वी क्रँकशाफ्ट व चक्र एकत्र तोललेली आहेत काय, हे कारागिराला विचारून दोहोंवर खूण करून ठेवावी.